शेवटचे दोन दगड माझे

१४ ऑक्टोबर

ही वही मला गुडघ्यासाठी मिळाली आहे. ऑपरेशनला चार महिने झाले. फिजिओथेरपीच्या बाईंचा हुकूम आहे की रोज नोंद ठेवायची, कुठे दुखलं आणि किती दुखलं. नोंद: कुठेच नाही, अजिबात नाही. एवढ्याने पान भरत नाही आणि कोरं पान मला बघवत नाही, म्हणून बाकीचंही लिहिते.

आज क्लबातला बर्फ तयार झाला. माझा नवरा ओरेस्ट उन्हाळाभर गव्हाच्या कोठारावर काम करतो आणि थंडी पडली की डनवेलच्या कर्लिंग क्लबाचा बर्फ सांभाळतो. तेवीस वर्षं झाली. ऑक्टोबरचे हे दोन आठवडे तो घरी फक्त जेवायला येतो, आणि जेवतानाही डोळे बर्फावरच असतात.

फिजिओथेरपीच्या बाई समुद्राकडच्या, त्यांनी हा खेळ टीव्हीवरसुद्धा धड पाहिलेला नाही. वही कधी त्यांच्या हाती पडलीच, तर एकदाच सांगून ठेवते. बर्फाचा लांबलचक पट्टा, पलीकडच्या टोकाला रंगवलेलं वर्तुळ. वीस किलोचा दगड धरून आपण थोडं घसरत जायचं आणि सोडून द्यायचा. दोघीजणी त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत पळतात, त्याने दगड चार पावलं जास्त जातो. कप्तान वर्तुळात उभी राहून कधी घासायचं ते ओरडून सांगते. मध्याच्या जवळ ज्यांचा दगड, त्यांना गुण. अशा दहा फेऱ्या. संघात चौघी, प्रत्येकीचे दोन दगड. आधी ग्लेनिस, मग रोवेना, मग सिग्रिड. शेवटचे दोन माझे, आणि तेवढ्यापुरती वर्तुळात सिग्रिड उभी राहते.

सामना त्या शेवटच्या दोनांवर जिंकला किंवा घालवला जातो. मी प्रांताची अंतिम फेरी तीनदा घालवली आहे. मॅनिटोबा, म्हणजे आमचा प्रांत, जिंकलं की कॅनडाच्या राष्ट्रीय स्पर्धेत जाता येतं, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मी अजून तिथे प्रेक्षक म्हणूनच गेलेली आहे. यंदा ते चालणार नाही.

२ नोव्हेंबर

पहिले दोन्ही सामने खिशात. गुडघा ठणठणीत.

तक्रार एकच. बर्फ जड झालाय. माझा दगड सुटतो छान, पण वाटेत मरगळतो. जेवताना ओरेस्टला सांगितलं.

"बर्फ जड झालाय."

"असेल."

"असेल काय? झालाय. दगड पोचत नाहीत."

"उद्या थेंब जरा बारीक शिंपडतो," तो म्हणाला आणि बीटच्या सूपमध्ये पाव बुडवून खात बसला.

खेळाआधी बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडतात, त्या खडबडीवरून दगड पळतो. ओरेस्टचा हात त्यात सोन्याचा आहे असं सगळा क्लब म्हणतो. पण माणसाला कोणीतरी सांगावं लागतं, आणि ते काम देवाने मला दिलंय. म्हाताऱ्या वॉल्टरने मला ऐकवलं की यंदा बर्फ काचेसारखा पळतोय. वॉल्टर सत्तरीला आला. त्याला आता कशाचाही वेग जास्तच वाटणार.

२३ नोव्हेंबर

सात सामने, सहा विजय. हरलो त्या दिवशी रोवेनाची हॉस्पिटलात ड्यूटी होती आणि तिच्या जागी घ्यावी लागलेली बाई ब्रश असा धरत होती, जणू जळमटं काढायला आली आहे.

आज लिहायचंय ते आमच्या घासणाऱ्यांबद्दल. ग्लेनिस शाळेची बस चालवते, रोवेना नर्स आहे. दोघींनी यंदा काय खाल्लंय देव जाणे. बाकीच्या संघांच्या बायका अर्ध्या वाटेपर्यंत दगडाबरोबर फिरायला निघाल्यासारख्या चालतात. आमच्या दोघी माझ्या हातून दगड सुटायचा अवकाश, बर्फावर तुटून पडतात ते थेट वर्तुळापर्यंत. ग्लेनिसने महिन्यात ब्रशची तीन डोकी झिजवली. मी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली आणि म्हटलं, अशी मेहनत असेल तर राष्ट्रीय स्पर्धा आपलीच. रोवेना माझ्याकडे नुसती बघत राहिली. दमली होती बिचारी. कपडे बदलायच्या खोलीत मलमाचा वास नुसता भरून राहिला होता. ग्लेनिस म्हणते, खांदा बसच्या स्टिअरिंगने धरलाय.

सिग्रिडचा मात्र धीर कमी पडतो. माझ्या दगडांना ती पलीकडे वर्तुळात असते, आणि दगड हातातून सुटायच्या आत हिचं "घासा, घासा" सुरू. सामना संपेपर्यंत घसा बसतो. मी तिला मध आणि लिंबू घ्यायला सांगितलं. एकोणतीसच वर्षांची आहे, येईल हळूहळू.

१२ डिसेंबर

आज मनाविरुद्ध झालं, तेही लिहिते.

सिग्रिड दुपारी माझ्या सलूनमध्ये केस कापायला आली. तिच्या मानेला टॉवेल गुंडाळून मी निम्मे केस कापले. मग ती आरशातूनच म्हणाली, "लेसिया, एक विचारू? रागावू नकोस."

"कात्री माझ्या हातात आहे. जपून विचार."

"एखाद्या सामन्यात शेवटचे दोन मी टाकून बघू? तू तिसरी टाक आणि मग वर्तुळात उभी राहा. बर्फ तुझ्याइतका कुणालाच वाचता येत नाही. तू पलीकडून बघत असलीस तर मला..."

"आणि माझ्या दगडांचं काय?"

"तुझेही दोन असतीलच की. फक्त आधी."

"तेवीस वर्षं मी शेवटचे टाकते, सिग. तू पहिलीत होतीस तेव्हापासून."

"मला माहीत आहे."

"मग झालं तर."

तिने मान खाली घातली आणि मी मागचे केस कापले. थोडे जास्तच कापले गेले, खोटं कशाला बोलू. जाताना तिने नेहमीसारखा गालाला गाल लावला, म्हणजे मनात काही नसावं. पण मला दिवसभर खुपत राहिलं. सहा वर्षांपूर्वी मीच तिला संघात आणली. खेळताना पाय कसे ठेवायचे ते मी शिकवलं. आणि आता या बाईसाहेबांना माझी जागा हवी?

ओरेस्टला सांगितलं. तो बराच वेळ चहा ढवळत बसला.

"तिचा हात चांगला आहे," तो म्हणाला.

"आणि माझा नाही?"

"मी तसं म्हटलं का?"

"मग काय म्हटलंस?"

तो घर तापवायची भट्टी बघून येतो म्हणून तळघरात गेला. भट्टीला काही झालेलं नव्हतं. आमच्या घरात हे नेहमीचंच आहे.

७ जानेवारी

आमचा, म्हणजे युक्रेनी लोकांचा नाताळ. काल संध्याकाळी बारा पदार्थ झाले, तिघींनाही बोलावलं होतं. ग्लेनिसने पेरोगी, त्या उकडलेल्या करंज्या, मोजून एकोणीस खाल्ल्या आणि विसावी खिशात घालून नेते म्हणाली. सिग्रिडने तिच्या आजीचा थरांचा केक आणला. हसून हसून पोट दुखलं. या तिघींबरोबर मी उत्तर ध्रुवावरही खेळायला जाईन.

एक नोंद. टेबलाखाली रिवाजाप्रमाणे गवत पसरायला मी खाली बसले आणि उठता येईना. हसत हसत तशीच बसून राहिले, जणू तिथलं गवत नीट करतेय. ओरेस्ट आला, काखेत हात घातले आणि उभी केली. कुणी पाहिलं नाही. गुडघा: किंचित. बाहेर उणे चौतीस होतं, लोखंडसुद्धा तडकतं.

शंका अजिबात नाही असं नाही. कधी कधी घसरत जाताना वाटतं की पूर्वी मी आणखी पुढे जायचे, आणखी खाली वाकायचे. पण निकाल बोलतात. पंधरा सामने, तेरा विजय. निकालांना गुडघा नसतो.

२३ जानेवारी

ग्लेनमोरला येऊन चार दिवस झाले. प्रांताची स्पर्धा, दहा संघ, त्यात आम्ही दुसरे. उद्या पहिल्या दोघांचा सामना. जिंकलो तर थेट रविवारी अंतिम फेरी. हरलो तर शनिवारी उपांत्य सामन्यातून पुन्हा एक संधी. समोर विनिपेगची मॉरीन, जिच्याकडून मी मागची अंतिम फेरी हरले. नाश्त्याला भेटली तर म्हणते कशी, "लेसिया, तुझ्या घासणाऱ्या विकायच्या आहेत का?" मी म्हटलं, माझा नवरा ने, त्या सोडून काहीही मिळेल.

इथलाही बर्फ जड आहे. मी मुद्दाम इथल्या बर्फवाल्याला विचारलं, तर तो गोंधळल्यासारखा बघायला लागला. प्रत्येकाला आपलं काम चोखच वाटतं.

झोप छान लागते. भीती वाटत नाही. हे मी खरंच लिहितेय.

२४ जानेवारी

हरलो. सगळं नीट लिहून काढते, त्याशिवाय डोकं शांत होणार नाही.

शेवटच्या फेरीत आम्ही एका गुणाने मागे. शेवटचा दगड माझा. आमचा एक दगड आधीच आत होता, हाही मध्याजवळ नेऊन थांबवला की दोन गुण आणि विजय. मी सोडला. चांगला सुटला. सिग्रिड पलीकडून किंचाळायला लागली, आणि दोघी घासायला लागल्या त्या अशा की ब्रश आणि दगड यांच्यात बोटभर जागा नव्हती. दगड निम्म्या वाटेवर पोचला आणि ग्लेनिस थांबली. पाय आडवा घालून तिने दगड अडवला.

"जळला," ती म्हणाली. "माझा ब्रश लागला."

कुणी पाहिलं नव्हतं. मी मागेच होते, मला दिसलं नाही. रोवेना शेजारी होती, तिलाही नाही. मॉरीनला दिसणं शक्यच नव्हतं. पण चालत्या दगडाला आपला ब्रश लागला तर आपणच सांगायचं, आणि दगड बाद. आमच्यात त्याला जळलेला दगड म्हणतात. पंच विचारत नाही, कॅमेरा लावत नाही. आणि जी सांगते तिला त्यावरून कुणी एक शब्दही बोलायचा नाही, हेही आमच्यात पक्कं आहे. मॉरीनने ग्लेनिसचा हात दोन्ही हातांत धरला. मीही धरला.

कपडे बदलायच्या खोलीत मात्र माझी जीभ घसरली. मी म्हटलं, "सांगितलंस ते बरोबरच केलंस. पण इतकं चिकटून घासायची गरज काय होती? दगड येतच होता की."

ग्लेनिस खांदा चोळत होती. रोवेनाने बुटाची नाडी अर्धी सोडली आणि तशीच ठेवली.

"येत नव्हता, लेस."

"रोवेना, पुरे," सिग्रिड म्हणाली.

"पुरे काय? हिचा खांदा बघ. हात कानापर्यंत जात नाही, डाव्या हाताने बस चालवते ही. लेस, तुझा दगड येत नव्हता. तुझा कुठलाच येत नाही. ऑक्टोबरपासून आम्ही ओढून आणतोय."

मी सिग्रिडकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही, पण डोळे भरले होते. घसा का बसत होता ते मला तेव्हा कळलं. डिसेंबरात ती सलूनमध्ये काय मागायला आली होती तेही कळलं, आणि मी तिचे केस वाकडे कापले होते.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू वॉकर धरून चालत होतीस गं," ग्लेनिस म्हणाली. "जूनमध्ये. मी तुला दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा गाडीत तू सगळा वेळ राष्ट्रीय स्पर्धेचं बोलत होतीस. कोण सांगणार तुला? आणि तू नसलेल्या संघात आम्हाला खेळायचं नव्हतं. तीन पावलं कमी पडत होती, तेवढी घासू म्हटलं."

मी बाहेर पडले. पार्किंगमध्ये इंजिनं गोठू नयेत म्हणून गाड्या विजेच्या वायरींना जोडून ठेवल्या होत्या, ओरेस्ट आमच्या ट्रकमध्ये इंजिन गरम करत बसला होता. मी शेजारी बसले.

"बर्फ जड नव्हता," मी म्हटलं.

त्याने काचेवरचं दव हाताने पुसलं. "नव्हता."

"तीन महिने मी तुला बोलतेय. क्लबात, चार लोकांसमोर. वॉल्टरसमोर. तू ऐकून का घेतलंस?"

"बर्फाला काय फरक पडतो गं."

"आणि तुला?"

"मला वाटलं, कशाला तरी दोष देत खेळतेय ना, देऊ दे. उन्हाळ्यात तू पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असायचीस. त्यापेक्षा बर्फ जड असलेला बरा."

मी त्याच्या बाहीत तोंड खुपसून रडले. मग राग आला, त्याचा, तिघींचा, आणि सगळ्यात जास्त माझा. एवढी मोठी फजिती उभ्या जन्मात झाली नव्हती. तरी खरं सांगायचं तर छातीवरून काहीतरी उतरलंही. गुडघा दुखतो. रोज दुखतो. घसरताना मी दोन हात आधीच दगड सोडते, कारण त्यापुढे पाय वाकत नाही. हे मला माहीत होतं. मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, या वहीलाही नाही.

२५ जानेवारी

सकाळी नाश्त्याला तिघी आधीच बसल्या होत्या, मयताला आल्यासारख्या. मी ताट ठेवलं आणि सांगितलं, आज तिसरी मी टाकणार, शेवटचे दोन सिग्रिड. पंचांकडे कागद देऊन आले आहे.

"नको," सिग्रिड म्हणाली. "लेसिया, असं नको. कालच्या बोलण्यावरून नको."

"संघाची कप्तान कोण आहे?"

"तू."

"मग कप्तानाचं ऐकायचं. तुझा हात चांगला आहे, माझे डोळे चांगले आहेत. ओरेस्टने महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, पण त्याला वाक्य पुरं करायची सवय नाही. ग्लेनिस, अंडी खा. आज माझ्या दगडांना जेवढं घासशील तेवढंच, त्यापलीकडे तुला आराम."

"आराम?" ग्लेनिस म्हणाली. "त्याचं काय करतात?"

रोवेना पहिल्यांदा हसली. मला म्हणाली, "काल मी जास्त बोलले."

"तीन महिने उशिरा बोललीस," मी म्हटलं. "चूक तेवढीच."

उपांत्य सामना आठव्या फेरीतच संपला. समोरच्या कप्तानाने हात पुढे केला, म्हणजे हार मान्य. माझे दगड अजूनही लंगडतच जातात, पण तिसऱ्या क्रमांकाला ते निभावून जातं. विचित्र वाटलं ते नंतर. माझे दोन टाकून मी चालत पलीकडे गेले आणि वर्तुळात उभी राहिले. हात रिकामे. सिग्रिड दूर त्या टोकाला खाली बसली, दगडाचा तळ पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. हेवा वाटला का? वाटला. पहिल्या तीन फेऱ्या तर फारच. चौथ्या फेरीत तिने, मी नेम दाखवायला टेकवलेल्या ब्रशच्या टोकावर अचूक दगड आणला आणि मी मोठ्याने शाबास म्हटलं, ते मनापासून होतं.

२६ जानेवारी

मॉरीन, अंतिम सामना, शेवटची दहावी फेरी. गुण बरोबरीत. शेवटचा दगड आमचा, म्हणजे सिग्रिडचा. मॉरीनचा एक दगड मध्यापासून हातभर अंतरावर बसलेला. त्याच्या आत आणून थांबवला तर मॅनिटोबा आमचं. वेग अचूक हवा, जास्त झाला तर दगड मागे निघून जातो, कमी पडला तर अलीकडेच राहतो.

मी ब्रश टेकवला. सिग्रिडने मान हलवली आणि ती निघाली. लांब, खाली वाकून, जसं मी तिला शिकवलं होतं, जसं मी जायचे. दगड सुटला.

ग्लेनिस आणि रोवेना दोन्ही बाजूंनी ब्रश बर्फापासून बोटभर वर धरून पळत होत्या, आणि नजर माझ्यावर. तीन महिन्यांची सवय, एक शब्द निघाला असता तर दोघी तुटून पडल्या असत्या. गॅलरीतून सगळं डनवेल ओरडत होतं, घासा, घासा. वॉल्टरचा आवाजही मला ओळखू आला. शेजारी मॉरीन श्वास रोखून उभी होती.

मी दगडाकडे पाहिलं. हे मला येतं. गुडघा गेला असेल, डोळे गेलेले नाहीत. दगड जितका हवा तितकाच पळत होता.

"नको," मी म्हटलं. मग मोठ्याने, "काहीच नको. ब्रश वर."

ग्लेनिसने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझं डोकं फिरलंय. मी हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. तिने ब्रश वर घेतला. रोवेनानेही. आणि मग त्या दोघी चालायला लागल्या, नुसत्या चालायला, त्या बाकीच्या संघांच्या बायका चालतात तशा, मध्ये तो दगड आपला आपण येत होता. तो वर्तुळाअलीकडच्या रेघेवरून आला, वर्तुळात शिरला, मॉरीनच्या दगडाजवळून वळला आणि मध्यावर येऊन थांबला.

ग्लेनिस माझ्यापाशी पोचली तेव्हा तिला धापसुद्धा लागलेली नव्हती. "बाई गं," ती हळूच म्हणाली, "असाही येतो?" मॉरीनने ब्रश काखेत धरून माझ्यापुढे हात केला.

शेवटचा दगड टाकणारीला तो नक्की कुठे थांबला ते तिथून दिसत नाही. ते तिला वर्तुळातल्या माणसाच्या तोंडावरून वाचावं लागतं. सहा वर्षं मी सिग्रिडच्या तोंडावरून वाचत आले, आणि यंदा ती बिचारी दर वेळी मला हसून दाखवत होती. आता ती तिकडे बर्फावर गुडघे टेकून माझ्याकडे बघत होती. मी ब्रश टाकून दिला. तोंड झाकलं नाही, डोळे पुसले नाहीत, सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले आणि हसले, आणि तिकडे त्या पोरीला कळलं की आपण जिंकलो.